पोर्टलंड बुद्रुक

भाचा नोकरीसाठी पोर्टलंडला गेला आणि आईनं मला लगेच मोबाइलवर तिथलं हवामान बघायला बसवलं. उणे आठ! “अगं बाई, पोरानं स्वेटर एकच नेलाय,” म्हणत तिनं रात्रभर जिवाला घोर लावून घेतला. सकाळी भाच्याचा फोन. “आजी, थंडी कसली? नुसती रिपरिप चाललीय.” मी बघितलं होतं ते अमेरिकेतल्या मेन राज्यातलं पोर्टलंड, अटलांटिकच्या काठचं. हा राहतो ओरेगनात, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडच्या घड्याळांत तीन तासांचा फरक.

गोंधळाचं मूळ एका नाण्यात आहे. ओरेगनमधल्या त्या नदीकाठच्या जमिनीवर आधी ओव्हर्टन नावाच्या माणसानं हक्क सांगितला होता. नोंदणीचे पंचवीस सेंट काही त्याच्याकडे नव्हते. ते लव्हजॉयनं भरले आणि निम्मी जमीन मिळवली. (इतका स्वस्त प्लॉट ऐकून आमचे बाबा दोन मिनिटं गप्प होते.) उरलेली निम्मी पुढे पेटीग्रोव्हकडे आली. १८४५ साली गावाला नाव द्यायची वेळ आली. लव्हजॉय मॅसॅच्युसेट्सचा, त्याला बोस्टन हवं. पेटीग्रोव्ह मेनचा, त्याला पोर्टलंड. मग तांब्याचा एक सेंट काढून छापा-काटा, तिनातून दोन. पेटीग्रोव्ह जिंकला. तो सेंट तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलाय.

मेनच्या पोर्टलंडचं नावही उसनंच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडवरून घेतलेलं. तिथला दगड बांधकामासाठी नावाजलेला. १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिननं सिमेंटचं पेटंट घेतलं, तेव्हा ते वाळल्यावर त्या दगडासारखं दिसतं म्हणून नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. म्हणजे आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा पोत्यांवर मी जे वाचायचे ते हेच! मला वाटायचं, पोर्टलंड हे कंपनीच्या मालकाचं नाव.

आपल्याकडे एका नावाची दोन गावं असली की थोरल्याला बुद्रुक, धाकट्याला खुर्द लावून मोकळे होतात. तसं इथे करावं तर पंचाईत. ओरेगनच्या पोर्टलंडची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास, मेनच्या पोर्टलंडची सत्तर हजारांच्या आत. म्हणजे लेकरू बुद्रुक आणि आई खुर्द! आमच्या घरात मात्र हीच नावं रुळली आहेत. परवाच आई फोनवर विचारत होती, “काय रे, बुद्रुकला ऊन पडलं का?”