ड्रीम रन : घरच्यांना घेऊन मुंबई मॅरेथॉनला जायचं असेल तर

जानेवारीचा तिसरा रविवार. डोंबिवलीहून सकाळची लोकल धरली तेव्हा डब्यात निम्मे लोक छातीवर क्रमांक लावलेले होते. उरलेले निम्मे रात्रपाळीहून परतणारे, आणि ते आमच्याकडे 'सुट्टीच्या दिवशी हे काय' अशा नजरेनं बघत होते. आम्ही चौघं होतो : सासूबाई, नणंद, माझा आठवीतला मुलगा आणि मी.

मुंबई मॅरेथॉनमधल्या या हौशी दौडीचं नाव 'ड्रीम रन' असलं तरी पळण्याच्या अपेक्षेनं इथे जाऊ नका. ड्रीम रन साधारण सहा किलोमीटरची आहे आणि वेळ मोजली जात नाही. सीएसएमटीसमोर आम्ही रांगेत पाऊण तास उभे होतो. त्यानंतर हुतात्मा चौकापर्यंत गर्दी दादरच्या पुलावर सरकते तशीच सरकली. मुलगा वैतागला. "आजी, हे तर चालणंच आहे!" सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर मी आले." पळायचंच असेल तर दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घाला, ड्रीम रनमध्ये लोकांच्या पायांत घुसून पळणारे सगळ्यांना नकोसे होतात. चर्चगेट ओलांडून मरीन ड्राइव्हला लागलं की रस्ता मोकळा होतो. तिथे पोरांना सोडा.

वयाची अट आधी बघा. आमच्या वेळी बारा वर्षं पूर्ण हवी होती, त्यामुळे धाकटी घरी मामाकडे राहिली. साठीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठांची वेगळी दौडही असते. सासूबाईंना नातवाबरोबर यायचं होतं म्हणून त्या आमच्यात आल्या, पण गर्दीत घुसमट होत असेल तर ज्येष्ठांची दौड बरी.

आता पैशांबद्दल, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. प्रवेश शुल्क भरलं म्हणजे दान झालं, असं नाही. देणगी वेगळी. युनायटेड वे मुंबई ही संस्था या मॅरेथॉनचा देणगीचा भाग सांभाळते. तिच्याकडे नोंदलेल्या संस्थांतून एक निवडायची आणि तिच्यासाठी ओळखीच्यांकडून निधी जमवायचा. काही संस्थांकडे त्यांचे स्वतःचे प्रवेशही असतात, म्हणजे साधी नोंदणी संपली तरी तो रस्ता उरतो. आम्ही कर्णबधिर मुलांसाठी काम करणारी संस्था घेतली. नणंदेनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला नमस्काराचे हात भरपूर आले, पैसे मात्र आले नाहीत. मग तिनं एकेकाला फोन केले, तेव्हा आले. तेव्हा फोनच करा, आणि संक्रांतीच्या आधी करा, कारण त्या आठवड्यात प्रत्येक जण कुणाकडे तरी तिळगूळ घेऊन गेलेला असतो.

क्रमांकाचा कागद शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आदल्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. ओळखपत्र न्या. एकदाच जा, पण कार्यालयीन दिवशी दुपारी. शनिवारी संध्याकाळी सगळी मुंबई तिथेच लोटते.

वेषभूषा करून येणारे पुष्कळ. एक कॉलेजचा गट रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या अंगाला बांधून आला होता. चालताना तो खडखडाट असा, की पुढचे आपोआप वाट देत होते. त्यांच्यातल्या एका मुलीच्या बाटल्या हुतात्मा चौकातच सुटल्या आणि सासूबाईंनी आपल्या पदराची पिन काढून तिला दिली. अवयवदानाचा फलक धरलेले एक काका प्रत्येकाला थांबवून अर्जाबद्दल विचारत होते. फलक करणार असाल तर आयोजकांचे नियम आधी वाचा आणि हलका करा. चौथ्या किलोमीटरला पुठ्ठाही जड होतो.

या रस्त्याचं मला जे सगळ्यात आवडलं ते असं : एरवी बसच्या खिडकीतून निसटणाऱ्या इमारती रस्त्याच्या मधोमध उभं राहून बघता येतात. सीएसएमटी 2004 साली जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ही मॅरेथॉनही 2004 सालचीच. फोर्टातल्या टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि मरीन ड्राइव्हच्या गोलाईदार आर्ट डेको शैलीच्या इमारती 2018 साली यादीत आल्या. मुलगा गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्या मोजत होता, पळायचं विसरून.

मरीन ड्राइव्हवर सावली नाही. नऊनंतर ऊन चटकतं, टोपी हवीच. पाणी वाटेत मिळतं, तेव्हा पाठीवर मोठी पिशवी नको. खिशात चार तिळाच्या वड्या पुरतात. स्वच्छतागृह स्टेशनातच उरकून घ्या. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सासूबाई साडीवर जुने कॅनव्हासचे बूट घालून आल्या आणि आमच्यात कुणाचे पाय दुखले नसतील तर त्यांचेच.

गाडी घेऊन येऊच नका, दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते बंद असतात. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. 'स्टेशनसमोर' हे ठिकाण नव्हे, तिथे हजारो माणसं असतात. आम्ही महापालिका इमारतीसमोरचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा ठरवला होता. परतीला मध्य रेल्वेवाल्यांनी सीएसएमटीवरूनच गाडी धरावी, बसायला मिळतं.