शेफिल्डचा चाकू: तिसऱ्या स्केलला तडा गेलेला नाही

बारा दिवस झाले, मी दुरुस्त करत असलेल्या चाकवाची मार्क साइडची (पुढच्या बाजूची) स्केल, म्हणजे मुठीवरचं म्हशीच्या शिंगाचं आवरण, शाबूत आहे. रोज सकाळी चहाच्या आधी दहापटीचं भिंग लावून ती धरून ठेवणाऱ्या दोन्ही पिनांभोवती बघते. केसाएवढीही रेघ नाही. जूनमध्ये पहिली स्केल गेली, सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसरी. दोन्ही वेळा तडा त्याच जागी: मागच्या पिनेपासून बोल्स्टरकडे (मुठीच्या टोकाच्या धातूच्या भागाकडे), शिंगाच्या तंतूंबरोबर सरळ. म्हणून हे बारा दिवस मला मोठे वाटताहेत आणि काम अर्धवट असतानाच लिहायला बसले आहे.

चाकू आजोबांचा, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रॉजर्स कंपनीचा, दोन पात्यांचा, टँगवर (पात्याच्या मुठीकडच्या बुडावर) तारा आणि माल्टीज क्रॉस असलेला. मिटल्यावर साडेआठ सेंटिमीटर. आजोबा शाळामास्तर होते, लहान पात्याने मुलांना बोरू तासून द्यायचे. पेननाइफ हे नाव पिसाची लेखणी तासण्यावरून पडलं, आमच्या घरात त्याने बोरू तासले.

या चाकवावरून काढलेल्या मूळच्या सेल्युलॉइडच्या स्केलबद्दल परत एकदा, कारण जुने चाकू गोळा करणाऱ्या दोघांनी विचारलं: त्या आठवण म्हणून बाकीच्या चाकवांबरोबर ठेवू नका. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. नवं असताना घासलं तर कापराचा वास येतो. कुजायला लागलं की आंबट, झोंबणारा वास येतो, त्यातून आम्ल सुटतं, पितळी लायनरवर (स्केलच्या खालच्या पत्र्यावर) हिरवा थर चढतो आणि शेजारच्या चाकवाचं पातंही गंजतं. माझ्या मोठ्या पात्यावर स्केलच्या बाजूने जे खड्डे पडले आहेत ते त्याचेच. आणि सेल्युलॉइड मशीनवर घासू नका, ते भडकन पेटतं.

आता तड्यांकडे.

पहिल्या वेळी चूक सरळ होती. १.६ मिमीचं भोक, १.६ची पिन, दोन्ही घट्ट. पिन फुलवायला ठोकली की ती डोक्याकडे फुलते तशी मधेही फुगते. लाकूड थोडं दबून जागा देतं, शिंग देत नाही. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला टक् असा बारीक आवाज आला. पातं उघडता-मिटताना येणाऱ्या स्प्रिंगच्या ‘टॉक’ची सवय असलेल्या कानाला तो आवाज लगेच वेगळा कळतो.

दुसऱ्या वेळी भोक १.७ केलं. (ऑनलाइन मागवलेल्या संचातलं १.६ लिहिलेलं ड्रिल १.६८ भोक पाडत होतं. आता बारीक ड्रिल बोहरी आळीतून सुटं घेते, दुकानातच व्हर्निअर लावून.) ठोकताना काही झालं नाही. अराल्डाइट हा गोंद स्केलच्या पूर्ण मागच्या बाजूला, पिना दोन्ही बाजूंनी फुलवल्या, स्केल घासून पॉलिशपर्यंत नेली. ते शिंग संभलहून आलं होतं, काळ्यात मधाच्या रंगाची एक धार होती, मार्क साइडला ती तिरकी येईल अशी मी कापली होती. आठवडाभर चाकू ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिला. शुक्रवारी काढला तर मागच्या पिनेपासून बोल्स्टरपर्यंत रेघ, नख अडकेल एवढी.

तेव्हा कळलं की पुण्याचा ऑगस्ट आणि ऑफिसचा एसी यांच्यामध्ये माझी स्केल फाटली. शिंग म्हणजे केरॅटिन, आपल्या नखासारखं, हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. मी ते भर पावसात, फुगलेल्या अवस्थेत पितळाला चिकटवलं. ड्रॉवरमध्ये ते आकसायला लागलं, पितळ तिळभरही हललं नाही, आणि जिथे भोकामुळे आधीच कमजोर होतं तिथून ते फाटलं.

मग शिंगाच्या उरलेल्या पाट्यांचं वजन करायला लागले. सराफी काटा आहे माझ्याकडे, ०.०१ ग्रॅमचा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक पाटी ११.४२ ग्रॅम होती. सिलिका जेलबरोबर तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, तीन आठवड्यांनी १०.८७. पाच टक्क्यांच्या जवळपास पाणी गेलं! आणि पाटी चमच्यासारखी वाकली. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, दोन पोलादी पट्ट्यांमध्ये व्हाइसला रात्रभर दाबून सरळ केली. म्हणजे पुन्हा पाणी प्यायली, पुन्हा वजनाला बसली. आता क्रम बदलला आहे: आधी उकळून सपाट करायची, मग वाळवायची, तीही डब्यात ठणठणीत कोरडी नाही, खोलीच्या हवेत. फार कोरडी बसवली तर पुढच्या जूनमध्ये उलट्या बाजूने तेच होईल. वजन तीन दिवस सारखं आलं की ती मधल्या मापाला आली असं मी धरते.

एवढं करूनही नमुन्याचे तुकडे तडकत होते. तीन मिमी जाडीचे सहा तुकडे पितळी पट्टीवर पिन केले, १.७चं भोक, नीट काउंटरसिंक (पिनेचं डोकं बसायला रुंद केलेलं तोंड), वाळलेलं शिंग. सहातले चार तडकले. त्या रात्री मी शिसवीचा तुकडा काढून ठेवला होता. शिसवी सुंदर आहे, बिनतक्रार बसते, ज्यांचा हा पहिलाच चाकू आहे त्यांनी तीच घ्यावी. पण या चाकवाला मला शिंगच हवं होतं. सांबराच्या शिंगाचं कुणी सुचवलं होतं. शेफिल्डवाले एके काळी आपल्याकडचं सांबरशिंग नेऊन मुठींना लावायचे, पण १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे इथे त्याची खरेदी-विक्री करता येत नाही, गळून पडलेल्याचीही नाही. तो विषय माझ्यापुरता बंद आहे. म्हशीचं शिंग इथलं आहे आणि पॉलिश झाल्यावर त्याला जी खोली येते ती दुसऱ्या कशाला येत नाही.

उत्तर कसबा पेठेत मिळालं. तांबट आळीत मी आईच्या बंबाच्या तोटीसाठी गेले होते. तिथले एक काका पातेल्यावर मठार करत होते, म्हणजे ठोके देत होते. एक फेरी ठोकून झाली की भांडं भट्टीत, लाल झालं की बाहेर, थंड करून परत ठोकायला. मी बघत उभी राहिले आणि खिशातली पिन सहज दाखवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून वाकवायला बघितली, वाकली नाही.

“ताई, तार तापवून घेतली होती का?”

नव्हती. मी वापरत होते तो १.६चा ब्रेझिंग रॉड, जसा आला तसा. अशी तार साच्यातून ओढून काढलेली असते, ओढताना ती कडक होते. कडक पिन डोक्याला फुलत नाही, म्हणून मी जोर वाढवायचे, आणि तो जोर पिनेच्या पोटातून शिंगाच्या भोकाच्या भिंतीवर जायचा. काकांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांचा सगळा दिवस ठोकून कडक झालेला धातू तापवून नरम करण्यात जातो. तोटीचे पैसे त्यांनी घेतले, या सल्ल्याचे घेतले नाहीत.

घरी आल्यावर गॅलरीतला दिवा घालवून ब्यूटेन टॉर्चने तार तापवली. अंधारात जेमतेम लालसर दिसली की थांबायचं, पुढे नेली तर जस्ताचा धूर निघतो, तो छातीत घ्यायचा नाही. मग सरळ पाण्यात. पोलाद असं पाण्यात टाकलं तर कडक होतं, पितळ नरमच राहतं. तार बोटांनी वाकली. तिच्यावरचा काळा थर १०००च्या पॉलिश कागदाने पुसला आणि परत सहा तुकडे पिन केले.

सहाही शाबूत.

शंभर ग्रॅमची बॉलपीन (गोल डोक्याची) हातोडी, पिन काउंटरसिंकच्या वर ०.८ मिमी म्हणजे निम्म्या जाडीइतकी, आणि तीस-चाळीस हलके टोले, मधे नाही, कडेकडेने फिरत. दर दहा टोल्यांनी उलटून दुसरी बाजू. पिन लोण्यासारखी पसरते. शेवटी ग्रोबेटच्या सपाट कानसीने सपाट केली की पितळाचा गोल ठिपका शिंगात असा बसतो की नखाला कडा लागत नाही. या कानसी महाग आहेत, पण शिंगात त्या भरून बसत नाहीत. स्वस्त संचातल्या दोन मी फेकून दिल्या.

स्केल २२० ते २००० पर्यंतच्या पॉलिश कागदांनी पाण्यात घासली, म्हणजे धूळ उडत नाही आणि घरभर केस जळल्याचा वास येत नाही. शेवटी सोन्या मारुती चौकाजवळून आणलेला सराफी लाल रूज (चकाकी आणायची पूड), नमद्यावर. मधाची धार आतून उजळली. त्या संध्याकाळी मी चाकू जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि जेवण होईपर्यंत बघत बसले.

दुसरं एक काम मार्गी लागलं. दोन्ही पात्यांना एकच बॅकस्प्रिंग (मुठीच्या पाठीतली स्प्रिंग) आहे, आणि लहान पातं उघडलं की ती लायनरच्या वर ०.१ मिमी यायची, बोटाला जाणवायची. टँगची टेकणारी कड आर्कान्सास दगडावर थोडी थोडी घासून, दर पाच घासांनी तात्पुरत्या पिनांवर जोडून बघत, ती आता उघडल्यावर आणि मिटल्यावर दोन्हीकडे सपाट आहे. ०.०५चं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जात नाही. मोठ्या पात्याला मी हात लावला नाही, ते शंभरएक वर्षांपूर्वीच्या हाताने बरोबर बसवलेलं आहे.

आता राहिली पाइल साइड (मागची बाजू) आणि शेवटी आरपार जाणारी मधली पिन. पाइल साइडही तशीच अराल्डाइट लावून बसवायची असं आतापर्यंत ठरलं होतं. पण वरचं सेल्युलॉइडचं लिहिताना आठवलं: त्या जुन्या स्केलच्या मागे गोंदाचा मागमूस नव्हता. त्या नुसत्या पिनांवर होत्या. म्हणजे ज्याने हा चाकू बांधला त्याने स्केलला हलायला जागा ठेवली होती, आणि मी ती अराल्डाइटने बंद करत होते. पिनेचं भोक ०.१ मिमी सैल असेल तर नुसत्या पिनांवरच्या शिंगाला आकसायला तेवढी मोकळीक मिळते.

तर बेत बदलला. पाइल साइडची स्केल गोंदाशिवाय, मागे फक्त मेणाचा पातळ हात, म्हणजे फटीत पाणी जाऊन पितळ हिरवं पडणार नाही. मार्क साइड चिकटवलेली, पाइल साइड मोकळी, शिंग एकाच पाटीतलं, पिना एकाच तारेतल्या. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि जुलैमध्ये दोन्ही बाजूंची रुंदी मोजणार आहे. ज्यांनी शिंगाची स्केल गोंदाशिवाय बसवून एक पावसाळा काढला आहे त्यांनी मला भोकाचं माप जरूर सांगावं, मी १.७५ पर्यंत जायच्या विचारात आहे.

मधली पिन ठोकताना टँग आणि लायनरमध्ये ०.०५ची शिम (पातळ पत्रा) ठेवणार, ठोकून झाल्यावर ओढून काढायची. पहिल्या चाकवात मी ती विसरले होते आणि पातं चिमट्याने उघडावं लागायचं. ही पिनही तापवलेलीच.

पाइल साइडची पाटी रविवारी ९.६४ होती, आज ९.६२. उद्या आणि परवाही तेवढीच आली तर भोक पाडते. बोरू आणून ठेवला आहे.