कॅमेरा कुठे होता? समकालीन छायाचित्रकारांच्या शैलीचा माझा अभ्यास

एखाद्या छायाचित्रकाराची शैली सांगा म्हटलं की विशेषणं पटापट सुचतात. काव्यात्म, अस्वस्थ करणारी, थंड, जिव्हाळ्याची. हे शब्द खोटे नसतात, पण त्यांच्यावरून फोटो कसा घडला ते कळत नाही आणि दोघांतला फरकही सांगता येत नाही. ‘थंड’ हे जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्कीलाही लागू पडतं आणि जपानी हिरोशी सुगिमोतोलाही; पण त्या दोघांची काम करण्याची रीत पाहिली तर ती एकमेकांपासून फार लांब आहे. म्हणून आजच्या छायाचित्रकारांचा नीट अभ्यास करायला घेतला तेव्हा मी स्वतःला एक नियम घालून घेतला. विशेषण सगळ्यात शेवटी. आधी कॅमेरा कुठे आणि किती उंचीवर होता, उजेड कुठून आला, आणि चौकटीत काय येऊ दिलेलं नाही, एवढंच लिहायचं.

मी हे काम ज्यांना दाखवत असे ते माझे सर एकेका वाक्यापाशी थांबून विचारायचे, “हे तुला फोटोत दिसतंय, की कुठे वाचलंयस?” त्या प्रश्नामुळे माझ्या वहीचं पान उभं दुभागलं गेलं. डावीकडे दिसलेलं, उजवीकडे वाचलेलं. मुलाखती, प्रदर्शनांच्या पुस्तिका, समीक्षकांचे लेख हे सगळं उजवीकडे, आणि तेही डावी बाजू भरल्यावरच. हा क्रम मोडला की वाचलेलंच दिसायला लागतं.

रिनेके डायकस्ट्रा या डच छायाचित्रकर्तीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पोर्ट्रेट्सवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. त्यातला १९९२ सालचा, पोलंडमधल्या कोवोब्झेगचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेला असेल. फिकट हिरव्या स्विमसूटमधली एक किशोरवयीन मुलगी समोर उभी आहे. भार एका पायावर, कंबर किंचित एका बाजूला, मान थोडी कललेली. मागे समुद्र आणि आकाश, बाकी काही नाही. पहिल्यांदा पाहताना नजर मुलीच्या अवघडलेपणावरच थांबते. मग मी क्षितिजाकडे पाहिलं. सपाट जागी कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर क्षितिजाची रेषा समोर उभ्या माणसाला छेदते. उभं राहून डोळ्याला लावून फोटो काढला तर ती रेषा समोरच्याच्या डोळ्यांच्या आसपास येते. इथे ती कमरेच्याही खाली आहे. म्हणजे कॅमेरा बराच खाली होता आणि म्हणून ही लाजरी मुलगी आकाशावर उभ्या केलेल्या पुतळ्यासारखी उंच दिसते. देहबोली अवघडलेली आणि मांडणी स्मारकाची. या चित्राची सगळी ताकद या दोहोंच्या ओढाताणीत आहे असं मला वाटतं, आणि ती एका ट्रायपॉडच्या उंचीतून आलेली आहे.

मग उजेड. मुलीच्या अंगावरचा उजेड मागच्या आकाशापेक्षा ठळक आहे. ढगाळ दिवसाचा उजेड असं करत नाही. तो सगळ्यांवर सारखा पडतो. म्हणजे भर दिवसा फ्लॅश वापरलेला आहे. उजवी बाजू भरायला घेतल्यावर कळलं की डायकस्ट्रा ४ बाय ५ इंचाच्या फिल्मचा मोठा, म्हणजे लार्ज फॉरमॅट कॅमेरा वापरत होती. तो कॅमेरा लावायला वेळ लागतो. फिल्म आत सरकवली की छायाचित्रकाराला कॅमेऱ्यामागच्या काचेवर काही दिसत नाही, आणि समोरच्याला तोवर जागेवर थांबावं लागतं. त्या थांबण्यात माणूस पोझ घ्यायचा प्रयत्न करतो, मग ती पोझ सैल पडत जाते. हे सैल पडणं तिच्या फोटोंमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं. नावं द्यायची पद्धतही तितकीच कोरडी: ठिकाण, देश, तारीख. मुलीचं नाव नाही, गोष्ट नाही.

याच्या शेजारी मी ब्रिटिश छायाचित्रकार मार्टिन पारचं ‘द लास्ट रिसॉर्ट’ ठेवलं. हेही समुद्रकिनाऱ्याचंच काम. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटनमध्ये १९८३ ते १९८५ या काळात केलेलं, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेलं. इथेही रंग आणि इथेही दिवसाचा फ्लॅश. साधनांची यादी केली तर दोघांत बरंच साम्य निघतं, आणि फोटो मात्र एकमेकांकडे पाठ करून उभे. पारच्या चौकटीत गर्दी आहे. रडणारी मुलं, वितळणारं आइस्क्रीम, चिप्सचे कागद, ओसंडून वाहणाऱ्या कचराकुंड्या. एका फोटोत एक बाई निवांत ऊन खात पडली आहे आणि तिला अगदी खेटून साखळीपट्ट्यांचं अवजड यंत्र उभं आहे. डायकस्ट्राचा फ्लॅश माणसाला आजूबाजूच्या जगापासून सोडवतो. पारचा फ्लॅश चेहऱ्याला जेवढा उजेड देतो तेवढाच चुरगळलेल्या कागदालाही देतो, त्यामुळे चित्रात काय महत्त्वाचं आणि काय बिनमहत्त्वाचं हा भेदच पुसला जातो. पारवर त्या कामासाठी टीका झाली की तो कामगारवर्गाकडे तुच्छतेने पाहतो. मला ते पूर्ण पटत नाही, पण टीका कशामुळे झाली ते या समान उजेडावरून कळतं.

एकच तंत्र असं दोन टोकांना कसं जातं, हे नुसतं पाहून कळेना, म्हणून मी ते करून पाहिलं. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अभ्यास करणारे बरेच जण इथेच थांबतात.

साध्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकल प्लेन शटर असतं, म्हणजे सेन्सरच्या अगदी पुढे सरकणारे पडदे. त्याला फ्लॅश जुळवून घ्यायची एक मर्यादा असते, साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंद. त्यापेक्षा वेगात गेलं की फोटोचा एक भाग काळा पडतो. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १०० ठेवून १/२५० वर योग्य एक्स्पोजर एफ ११ च्या आसपास येतं; एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान. आकाश एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा करून, गडद करायचं तर एफ १६ वर जावं लागतं, आणि एवढ्या लहान छिद्रातून समोरच्याला उजळवायचं तर फ्लॅशला पूर्ण ताकद लावावी लागते. शिवाय अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो. हातातला फ्लॅश घेऊन मी सात-आठ पावलांवर गेले की सूर्य जिंकायचा. दोन-तीन पावलांवर आले की फ्लॅश दिसायला लागायचा. लोकांच्या इतक्या जवळ जाण्यामागे पारचा स्वभाव असेलच, पण भौतिकशास्त्रही त्याला त्याच दिशेला ढकलत होतं हे मला माझ्या पावलांवरून कळलं. मीडियम आणि लार्ज फॉरमॅटच्या, म्हणजे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्समध्ये लीफ शटर (लेन्सच्या आतच उघडणाऱ्या पात्यांचं) असतं आणि ते अगदी वरच्या वेगालाही, म्हणजे बऱ्याचदा १/५०० पर्यंत, फ्लॅशशी जुळतं. दिवसाचा फ्लॅश असलेलं त्या काळातलं एवढं काम या कॅमेऱ्यांवर का झालं, त्याचं एक कारण इथे आहे. उच्च वेगाच्या फ्लॅशची सोय आज आहे, तरी त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते.

नक्कल करणं कमीपणाचं आहे असं काही जणांना वाटतं. माझ्या मते नक्कल ही अभ्यासाची सर्वांत प्रामाणिक पायरी आहे, फक्त ते फोटो आपलं काम म्हणून कुणाला दाखवायचे नाहीत.

डाव्या-उजव्या बाजूची खरी परीक्षा एका जोडीने घेतली. जेफ वॉलचं १९८२ चं ‘मिमिक’ आणि फिलिप-लॉर्का डिकोर्शियाची ‘हेड्स’ ही मालिका. ‘मिमिक’मध्ये रस्त्यावरून एक गोरं जोडपं आणि एक आशियाई माणूस चालले आहेत, गोरा पुरुष बोटाने डोळ्याशी हिणवणारी खूण करतोय. दिसायला तो रस्त्यावर अचानक सापडलेला क्षण आहे. प्रत्यक्षात वॉलने एकदा पाहिलेली घटना माणसं उभी करून पुन्हा रचली आणि ती प्रकाशपेटीवर भल्या मोठ्या पारदर्शिकेच्या रूपात मांडली. ‘हेड्स’मध्ये उलटं. काळोखातून एकेक चेहरा असा उजळून येतो की हा सिनेमाचा सेट आहे अशी खात्रीच पटावी. ते चेहरे मात्र १९९९ ते २००१ दरम्यान न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून जाणाऱ्या माणसांचे आहेत. वरच्या बांधकामाच्या सांगाड्यावर फ्लॅश बांधलेले, कॅमेरा लांब लेन्स लावून दूर, आणि चालणाऱ्याला पत्ताही नाही. त्यातल्या एकाने दावा लावला आणि न्यू यॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. कायद्याचं उत्तर मिळालं, माझ्या मनातली अस्वस्थता त्याने जात नाही. या जोडीनंतर मी डाव्या बाजूला ‘सहज टिपलेला’ किंवा ‘रचलेला’ हे शब्द लिहिणं बंद केलं. तिथे फक्त पुरावा लिहायचा: सावल्या किती दिशांना पडतात, कॅमेऱ्याकडे कोण बघतंय, मागची माणसं कुठे थिजलीत.

गुर्स्कीच्या बाबतीत अडचण वेगळी होती. ‘ऱ्हाइन २’ (१९९९) म्हणजे गवत, वाट, गवत, नदी, गवत, आकाश असे आडवे पट्टे. २०११ मध्ये तो ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला आणि तेव्हापासून लोक त्याला फोनवर पाहून विचारतात, यात आहे काय? नदीकाठची इमारत आणि वाटेवरची माणसं त्याने संगणकावर काढून टाकली आहेत, हे तर पाहून कळणं शक्यच नाही. पण त्याहून मोठी गोष्ट फोनवर हरवते, ती म्हणजे आकार. मूळ प्रिंट तीन मीटरहून रुंद आहे. मी घरातल्या भिंतीवर चिकटपट्टीने त्या मापाची रिकामी चौकट आखली आणि समोर उभी राहिले. एका नजरेत ती मावत नाही, डोकं फिरवावं लागतं. ते पट्टे इतक्या मापात नजरेला थांबायला जागाच देत नाहीत. दुकानातल्या मालाने गच्च भरलेलं त्याचं ‘९९ सेंट’ घेतलं तर दुरून तो रंगांचा विणलेला पट दिसतो आणि जवळ गेल्यावर वेष्टनांवरची अक्षरं वाचता येतात. पाहणाऱ्याला पुढे-मागे चालायला लावणं हाच तिथला अनुभव आहे. तेव्हापासून प्रत्येक कामाचं माप मी नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहिते.

सुगिमोतोवर मात्र फार पानं भरली नाहीत. चित्रपटगृहांच्या मालिकेत नियम एकच: सिनेमा सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की बंद करायचं. पडदा पांढरा शुभ्र उरतो आणि त्याच्याच उजेडात रिकामं सभागृह दिसतं. सगळी शैली फोटो काढायच्या आधीच ठरलेली आहे. असं काम एकदा समजलं की पुढचं फक्त पाहत राहायचं असतं.

दयानिता सिंगच्या कामाने मला एकट्या फोटोवरून पुढे नेलं. ‘फाइल रूम’मधला एखादा फोटो उचलला तर दप्तरखान्यातले कागदांचे गठ्ठे, फडक्यात बांधलेले, रॅकवर रचलेले, एवढंच हाती लागतं. पानामागून पान उलटत गेलं की ते गठ्ठे माणसांसारखे वाटायला लागतात: काही वाकलेले, काही एकमेकांना टेकलेले. ‘सेंट अ लेटर’ म्हणजे पेटीतल्या सात छोट्या घडीच्या पुस्तिका, उलगडून टेबलावर उभ्या करता येतात. ‘म्युझियम भवन’मध्ये लाकडी चौकटींची रचना आहे आणि त्यातल्या फोटोंचा क्रम सिंग बदलत राहते. मी काही पानांच्या झेरॉक्स काढून जमिनीवर पसरल्या आणि क्रम बदलून पाहिला. दोन फोटो शेजारी आणले की तिसराच अर्थ तयार होतो, हे आधी ऐकून माहीत होतं; पण कोणता शेजार टिकतो आणि कोणता लगेच पोकळ वाटतो, हे हातानेच कळलं. २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार तिला मिळाला. फोटो काढून झाल्यावर घेतलेले निर्णय हीच कुणाची तरी शैली असू शकते, हे तिच्यामुळे वहीत आलं.

सध्या मी गौरी गिलच्या ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’वर आहे आणि इथे माझी पद्धत कमी पडते आहे. २०१५ पासूनचं हे काम पालघर जिल्ह्यातल्या जव्हार भागातलं. बोहाडा या मुखवटे घालून करायच्या उत्सवासाठी देवादिकांचे मुखवटे करणाऱ्या कोकणा आणि वारली कलाकारांना तिने आजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितलं: माणसं, प्राणी, रोजच्या वस्तू. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे घालून गावातलीच माणसं आपापल्या जागी बसली-उभी राहिली आणि तिने फोटो काढले. ‘फील्ड्स ऑफ साइट’मध्ये तर तिच्या फोटोंवर वारली चित्रकार राजेश वनगड चित्रं काढतात. उंची, उजेड, अंतर हे सगळं मी डावीकडे नोंदवलं आणि ते बरोबरही आहे. पण मुखवट्याचा भाव कुणी ठरवला, कोण कुठे बसणार हे कुणी ठरवलं, डोंगराच्या फोटोवर कुठली गोष्ट उतरणार हे कुणी ठरवलं? छायाचित्रकाराचे निर्णय शोधायचे म्हणून मी निघाले होते आणि इथे निम्मे निर्णय दुसऱ्यांचे आहेत. पानावर तिसरा रकाना आखला आहे, ‘आणखी कोणी ठरवलं’ असा. आता आधीच्या सगळ्या नोंदींसाठीही तो भरत मागे चालले आहे. कोवोब्झेगच्या मुलीपाशी थोडं अडायला झालंय, कारण ती पोझ तिला कुणी सांगितली नव्हती, असं डायकस्ट्राच्या कामाच्या रीतीवरून वाटतं. मग ती कुणाच्या खात्यावर मांडायची?