पिवळी तार, लाल तार : आमची वाटचाल

सांगली-मिरज रस्त्यावर २००३ साली पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दुकान थाटले, तेव्हा गाडीची साउंड सिस्टिम म्हणजे कॅसेटचा डेक आणि मागच्या ट्रेवर दोन अंडाकृती स्पीकर. मागची काच हादरली की काम उत्तम झाले, अशी सर्वांची समजूत होती. माझ्याकडे एक मल्टिमीटर, २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि उसनी ड्रिल मशीन एवढेच होते. खरे भांडवल म्हणजे माझे भागीदार. ते मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातले. आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणत असू. भोपळ्यावर टिचकी मारून त्याची पारख करणाऱ्या घरात ते वाढलेले असल्यामुळे दाराच्या पत्र्यावरही तशीच टिचकी मारत आणि पत्र्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट कुठे लावायची ते खडूने आखून देत. पूर्ण दार मढवून बिल वाढवणारे आज पुष्कळ आहेत. मिस्त्री चार ठिकाणी खुणा करत आणि तेवढ्यावर दार मुके होई.

आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक म्हणजे तासगावचे एक द्राक्ष बागायतदार, आबा. भजनी मंडळाच्या सरावासाठी त्यांनी अर्ध्या तासाचा नुसता तंबोरा ध्वनिमुद्रित करून घेतला होता आणि गाडीचे कोणतेही काम झाले की ते आधी तोच लावत. ‘जवारी ऐकू आली पाहिजे, मग पैसे,’ असे म्हणून ते डोळे मिटून बसत. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो भरीव, गुंजणारा नाद. तेव्हा आम्हांला हसू येई. पुढे आम्ही स्वतःही प्रत्येक गाडी तंबोऱ्यावरच तपासू लागलो, कारण ठेक्याच्या गाण्यात लपणारा दोष एकसुरी नादात लपत नाही.

२०१३ मध्ये आबा ७ इंची टॅब्लेट घेऊन आले आणि म्हणाले, ‘डेक काढा आणि ही पाटी बसवा.’ ऐकायला सोपे वाटते. डॅशबोर्डमध्ये डेक बसतो ती डबल डिन मापाची खाच १८० बाय १०० मिलिमीटरची आणि ती पाटी जवळजवळ २०० बाय १२०. म्हणजे डॅशबोर्डची आतली फ्रेम कापणे आले, आणि एकदा कापलेली फ्रेम परत जुळत नाही. मिस्त्रींनी आधी एमडीएफच्या लाकडी फळीचा नमुना केला, मग एबीएस प्लास्टिकची शीट हीट गनने वळवली, फायबर, पुट्टी आणि पॉलिश पेपरचे सहा हात दिले. चौकट अशी बसली की जोड नखाला लागत नव्हता. चार्जिंगसाठी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवला आणि त्याला पिवळ्या नव्हे, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाल तारेवर घेतले. पिवळी तार चावी काढली तरी चालू राहते आणि चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसवते.

इंजिन सुरू केले आणि तंबोऱ्याच्या मागे बारीक शिट्टी ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढे. मिस्त्री म्हणाले, ‘ही जवारी नव्हे, ही माशी आहे.’ चार्जिंगचे ग्राउंड, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची तार, एकीकडे आणि ॲम्प्लिफायरचे दुसरीकडे दिल्यामुळे अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमध्ये शिरत होता. असा आवाज अडवणारा स्वस्त आयसोलेटर घालून माशी गेली, पण तिच्याबरोबर खर्जही पातळ झाला. शेवटी दोन्ही ग्राउंड सीटच्या बोल्टखाली, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर एकत्र घेतली आणि ॲम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या तारेपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. त्या कामात अकरा दिवस गेले. पुढच्या एप्रिलमध्ये बागेत उन्हात उभ्या केलेल्या गाडीत टॅब्लेटची बॅटरी फुगली आणि काच चौकटीतून वर आली. त्यानंतर आम्ही सरकती चौकट करू लागलो, गाडी लावताना पाटी काढून घरी न्यायची. अजूनही कोणी टॅब्लेट कायमचा चिकटवून मागितला तर मी नाही म्हणतो, आणि डाव्या बाजूला एअरबॅगच्या झाकणावर बसवायला सांगितला तर सरळ परत पाठवतो.

आता जे लिहितो आहे त्याची सल अजून गेलेली नाही. आमचे पाहून रस्त्यापलीकडे एका दुकानाने निम्म्या दरात टॅब्लेट बसवणे सुरू केले. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा, हा या धंद्याचा पहिला धडा. तिथे फ्यूजच नसे आणि तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली असे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिथून बाहेर पडलेल्या एका गाडीच्या डॅशबोर्डमधून सिग्नलवर धूर निघाला. त्या गाडीचे स्पीकर पूर्वी आम्ही बसवले होते, त्यामुळे मागच्या काचेवर स्टिकर आमचा होता. एका शोरूमच्या माणसाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला आणि ‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ असे प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावले. चार महिने दुकानात बल्ब बदलण्याखेरीज काम आले नाही. दोन मुलांना कामावरून कमी करावे लागले, जिगसॉ विकली, आणि मिस्त्री एक दिवस म्हणाले, ‘आता सतारीच बऱ्या.’ मी त्यांना अडवू शकलो नाही.

आबा त्या जळलेल्या गाडीच्या मालकाला स्वतः घेऊन आले. आमचा प्रत्येक जोड सोल्डर केलेला, वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळणारी, नळी आणि त्यावर पांढऱ्या टेपवर तारीख लिहिलेली असते. ही सवय मिस्त्रींची, वाद्याच्या आत ते तशी चिठ्ठी डकवत. दाराचे पॅनेल उघडून मी त्यांना आमच्या तारखा दाखवल्या आणि डॅशमधली पिळलेली तारही दाखवली. त्यांनी हात जोडले. फोटो फिरवणाऱ्याने मात्र आजवर चकार शब्द काढलेला नाही, आणि समोरचे दुकान वर्षभरात मोबाइलची कव्हरे विकू लागले.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. २०१९ च्या महापुरानंतर चिखलाने भरलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड आम्ही दोन महिने उपसत होतो, तेवढे सोडले तर सांगण्यासारखे काही नाही. आता नव्या गाड्यांत पडदा कंपनीचाच येतो, त्यामुळे डॅश कापायचे काम संपले. दारे, स्पीकर आणि ॲम्प्लिफायर उरले. तेव्हा खोक्यावर छापलेले हजारो वॅट पाहू नका, आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या पॉवरचा, आकडा विचारा, आणि ॲम्प्लिफायरआधी दारांवर पैसे घाला.

गेल्या वर्षी आबांनी नवी गाडी घेतली आणि शोरूममधून थेट आमच्याकडे आणली. मिस्त्रींना बोलावून घेतले. त्यांनी टिचक्या मारून पाच खुणा केल्या, आबांनी तंबोरा लावला, मी इंजिन चालू करून रेस दिली. माशी नव्हती. मिस्त्री म्हणाले, ‘उजवे जरा जास्त आहे.’ मी उजवे दोन पॉइंट कमी केले. तो फोटो फिरवणाऱ्याची शोरूम आता डॅम्पिंगसाठी गाड्या आमच्याकडे पाठवते. त्यांचे बिल मी रोखीत घेतो, आणि आधी घेतो.