अखाजीचा आमरस आणि माझी शुगर

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय, वहिनी खापरावर मांडे टाकतेय, पातेलंभर आमरस तयार आणि मायचं सुरूच, "शुगर कमी व्हस ना तुनी, मंग गोड खाय ना व!" आता हिला कसं सांगू की गोडानेच पडते माझी शुगर. ऑपरेशनमध्ये जठर बरंचसं काढलंय, त्यामुळे रस थेट आतड्यात धावतो, शुगर एकदम चढते, शरीर घाबरून इन्सुलिन जास्तच सोडतं आणि मग एक ते तीन तासांत धाडकन खाली. अन्न असं भसकन आतड्यात उतरून होणाऱ्या त्रासाला डंपिंग म्हणतात, हे माझं उशिराचं. हात थरथर, दरदरून घाम, डोळ्यापुढे अंधार. जेवल्या जेवल्या अर्ध्या तासात जे धडधडतं, पोटात मुरडा येतो, तो वेगळा प्रकार, तेही डंपिंगच पण लवकरचं.

किती दिवस कुणाला कळलंच नाही कारण उपाशीपोटीची शुगर नॉर्मल, तीन महिन्यांची सरासरीही नॉर्मल, मग काय, अशक्तपणा, टेन्शन, नजर लागली, सगळं ऐकून झालं. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं, त्रास होतोय त्याच मिनिटाला बोट टोचा. 55 च्या खाली निघाली आणि ग्लुकोज घेतल्यावर बरं वाटलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मग ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाला रक्त घ्यायची टेस्ट, त्यात आधी चढलेली नंतर पडलेली शुगर कागदावरच दिसली.

आता थोडं थोडं सहा वेळा खायचं, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. आधी डाळ नाहीतर अंडं, मग कळण्याची भाकरी-भरीत. केळीच्या जिल्ह्यात राहून पिकलेलं केळं अर्धंच, तेही शेंगदाण्यांसोबत, काय बोलणार!

पहिल्या घासाबरोबर अकार्बोजची गोळी असते (गॅस इतका की चारचौघांत बसायची सोय नाही). आणि खरी गोम इथेच आहे, ही गोळी साखर फोडून तिचं ग्लुकोज लवकर होऊच देत नाही, त्यामुळे शुगर पडल्यावर मायचा साखरेचा चमचा लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. साधारण 15 ग्रॅम, 15 मिनिटांनी परत मोजायचं, वर आली की मूठभर शेंगदाणे, नाहीतर परत पडते. वहिनीला बजावून ठेवलंय, मी बेशुद्ध दिसले तर तोंडात काही ओतू नको, सरळ दवाखान्यात ने.

आज डाळ-भाकरीनंतर मांड्याचा एक तुकडा आणि दोन चमचे रस घेतला. दोन तासांनी मोजली तर 94. मायला आकडा दाखवला तर म्हणे, मग अजून वाढू का?