केरळला जायच्या आधी आम्ही नागपुरातच पाण्यात उतरतो

मी टूर मॅनेजर आहे, दिवाळीच्या सुट्टीत आणि पुन्हा जानेवारीत नागपूरहून फॅमिली ग्रुप घेऊन केरळला जाते, आणि त्या टूरमध्ये सगळ्यांना कशाची उत्सुकता असते तर अलेप्पीच्या हाउसबोटीतल्या एका रात्रीची. आपल्याकडे अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठावर बसून मक्याचं कणीस खाणारी माणसं भरपूर, पण पाण्यात उतरलेली फार कमी. आणि हाउसबोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एसी रूम येते, फिश फ्राय येतो, खाली खोल पाणी आहे हे कोणाच्या लक्षातच राहत नाही.

म्हणून निघायच्या आधीच्या रविवारी मी अख्खा ग्रुप मानेवाड्याकडच्या एका ओळखीच्या कोच सरांच्या स्विमिंग टँकवर नेते आणि जॅकेट घालून पाण्यात उतरवते. लोक कुरकुरतात. टूरचे पैसे भरले, आता हे काय नवीन, असं तोंडावर म्हणणारेही असतात, पण मी सोडत नाही. ज्याला उतरायचंच नसेल त्याने निदान काठावर बसून बघावं, एवढं ऐकतात. मागच्या दिवाळीआधी तिथे जे झालं ते सांगायचं आहे.

त्या ग्रुपमध्ये एक आबाजी होते, सत्तरी ओलांडलेले, पवनीचे, आता मुलाकडे नागपुरात राहतात. सोबत मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. आल्या आल्या आबाजी मला म्हणाले, "मी वैनगंगेत पोहून मोठा झालो पोरी, पुरात उड्या मारल्या, मला काहून जाकीट घालायला लावतेस?" खोटं नव्हतं ते, खांदे बघूनच कळत होतं की माणूस कधीतरी जोरदार पोहलेला आहे. मी म्हटलं, आबाजी, नदीत तुम्ही स्वतः उडी मारायचे, मनाची तयारी असायची, लंगोट लावलेला असायचा. बोटीतून पडतो तो माणूस पँट-शर्टात, खिशात मोबाईल, पायात सँडल, आणि पडणार हे त्याला आधी माहीतच नसतं. घातलं त्यांनी, पण माझं मन राखायला.

जॅकेटचं थोडं नीट सांगते कारण इथेच सगळे चुकतात. पाण्यात माणसाचं वजन उरतं फार थोडं, त्यामुळे तरंगायला मोठी ताकद लागत नाही. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो, 100 न्यूटन म्हणजे साधारण 10 किलो वर उचलायची ताकद, मोठ्या माणसाला शांत पाण्यात तेवढी पुरते. 50 लिहिलेलं असेल तर ते पोहता येणाऱ्यांसाठी आहे, आपल्या ग्रुपसाठी नाही. पण आकडा कितीही असू द्या, बक्कल उघडं असेल तर काही उपयोग नाही, कारण पाण्यात जॅकेट वर जातं आणि माणूस खालीच राहतो. म्हणून घातल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पट्टे आवळा. लहान मुलांना तर पायामधून घ्यायचा पट्टा लावायचाच, नाहीतर मूल खालून निसटतं. आणि मुलांचं जॅकेट त्यांच्या वजनाप्रमाणे घ्यायचं, मोठ्यांचं आवळून चालत नाही.

तर सगळे चार फूट पाण्यात उतरले. साडीवाल्या दोन काकू होत्या, साडी ओली झाली की पायात किती गुंतते ते त्यांना तिथेच कळलं आणि बोटीवर ड्रेस घालायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं, मला बोलावं लागलं नाही. त्यातल्या एक काकू तर जन्मात पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या, पाच मिनिटं माझा हात सोडेनात, मग मागे मान टाकून निवांत तरंगल्या आणि बाहेर यायलाच तयार नाहीत. मला तो क्षण फार आवडतो, भीती गेली की चेहराच बदलतो माणसाचा.

यानंतर तराफा. कोच सरांनी प्लास्टिकचे ड्रम बांधून वर प्लायवूड ठोकून एक तराफा केलेला आहे, त्यावर आठ-दहा जण मावतात. हा प्रकार मी मुद्दाम ठेवला आहे तो थेक्कडीमुळे. 30 सप्टेंबर 2009 ला केरळातल्या या थेक्कडीला, पेरियारच्या जलाशयात टुरिस्ट बोट उलटली, 45 माणसं गेली. काठावर प्राणी दिसले आणि बघायला लोक एका बाजूला सरकले. डबलडेकर बोट, वरती माणसं, त्यात वजन एका कडेला, मग बोट परत सरळ होत नाही. 7 मे 2023 ला केरळातल्याच तानूरला 22 माणसं गेली, संध्याकाळची वेळ, मासेमारीच्या बोटीची बनवलेली टुरिस्ट बोट आणि क्षमतेपेक्षा जास्त लोक. आणि केरळचं कशाला, आपल्याच बाजारगावजवळ वेणा धरणात 2017 च्या जुलैत मोबाईलवर व्हिडिओ चालू असतानाच नाव उलटली आणि तरुण पोरं गेली, नागपुरातल्या माणसाला ते आठवायला सांगावं लागत नाही.

ग्रुप तराफ्यावर बसला. सर सांगतात तसं आधी सगळे मध्ये बसतात, मग सर एकेकाला कडेला सरकायला सांगतात, तराफा कलायला लागला की थांबवतात, परत मध्ये घेतात. त्या दिवशी सर सूचना देत असतानाच नातू काठावरून ओरडला, आबाजी इकडे बघा, फोटो काढतो! झालं, सगळ्यांनी एकदम तिकडे तोंड केलं, चार-पाच जण हसत कडेला सरकले, एक पोरगा उभाच राहिला, आणि दोन सेकंदांत तराफा उलटला. सगळे पाण्यात.

बाकीचे जॅकेटमुळे लगेच वर आले, खोकत, हसत, कोणी घाबरून. आबाजी आले नाहीत. म्हणजे जॅकेट वर आलं, आबाजी त्याच्या खाली. झालं असं होतं की तराफ्यावर बसल्यावर छाती घुसमटते म्हणून त्यांनी हळूच दोन्ही बक्कलं काढून टाकली होती, आणि ओलं जॅकेट वरून बंदच दिसत होतं. पाण्यात पडल्याबरोबर ते बगलेतून वर सरकलं, हात वर अडकले आणि मानेचा भाग तोंडावर आला. पोहायला हात हवेत, हातच अडकले. चार फूट पाणी, नुसते उभे राहिले असते तर डोकं बाहेर होतं, पण नाका-तोंडात पाणी गेलं की पाय खाली लागतो हे माणसाला सुचत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज नाही. बुडणारा माणूस हातपाय मारत ओरडतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याला श्वासच पुरत नाही तर ओरडणार कशाने. मुलगा हाताच्या अंतरावर होता, त्याला कळलं नाही. सरांना कळलं, ते पाण्यातच होते, त्यांनी मागून जाऊन खांद्याखाली धरून उभं केलं. सगळं मिळून किती वेळ गेला असेल, दहा-पंधरा सेकंद, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

आबाजी खूप खोकले, मग म्हणाले ठीक आहे जी, चहा द्या. चहा दिला नाही. बाहेर बसवलं, कोरडं केलं, शाल गुंडाळली आणि मुलाला म्हटलं की सरळ हॉस्पिटलमध्ये चला. मुलगा म्हणे आता तर बरे आहेत. पण पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो, खोकला थांबत नाही, दम लागतो, माणूस सुस्तावतो, म्हणून अशा माणसाला घरी नेऊन झोपवायचं नसतं. डॉक्टरांनी ऑक्सिजनची पातळी बघितली, छातीचा एक्स-रे काढला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सगळं नॉर्मल बघून सोडलं.

मला वाटलं हे कुटुंब आता टूर कॅन्सल करणार, आणि केली असती तर मी एका शब्दाने अडवलं नसतं. दुसऱ्या दिवशी आबाजींचाच फोन आला. म्हणाले, "पोरी, ते बक्कल मी काढलं होतं, तुझ्या सरांना काही बोलू नको." मग विचारलं, तिथल्या बोटीवर नातवाच्या मापाचं जाकीट आहे का? मी हाउसबोटवाल्याला फोन केला. जॅकेट भरपूर आहेत म्हणाला, फोटो पाठवा म्हटलं तर पाठवले, सगळी मोठ्यांची, वर कॉटखालच्या पेटीत दाबून ठेवलेली. तीन-चारदा बोलून बघितलं, लहान मुलांची काही मिळेनात, तेव्हा कोच सरांकडून मुलांच्या मापाची दोन घेतली.

केरळ एक्स्प्रेसमध्ये ती दोन्ही आबाजींच्या बर्थखाली होती. बोटीवर चढताना त्यांनी आधी नातवाचे पट्टे लावले, पायामधला सुद्धा, मग स्वतःचे, आणि खांद्याला धरून वर ओढून बघायला मला बोलावलं. धक्क्याला बोट लागताना मुलांचे हात कठड्याच्या आत, ओल्या फळीवरून चपला काढून चालायचं, दोरी बांधून होईपर्यंत काठावर कोणी उडी मारायची नाही, हे सगळं त्यांनीच पूर्ण ग्रुपला सांगितलं, मला फक्त मान हलवायची होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधली, तिथे मासेमारीची जाळी लागतात म्हणून रात्री चालवत नाहीत, आणि मग जेवणं होईपर्यंत ते डेकच्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते, नातू एकटा बाहेर जाऊ नये म्हणून.