बारा बेचाळीसला झोपणारा फोन

"अगं, तू घोरतेस," असं हे कितीदा म्हणाले, मी मनावर घेतलं नाही. घोरायचं ते पुरुषांनी, असंच डोक्यात. पण नवरात्राच्या तोंडावर समोरच्या गॅलरीतल्या बेननी हसत विचारलं, "रात्रे कोनां नसकोरां बोले छे?" म्हणजे रात्री कोण घोरतं? बडोद्याच्या दांडिया बाजारात घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं आणि दुपारी टीव्हीसमोर मान लुढकायची.

म्हटलं, पुरावाच गोळा करू. घोरणं टिपणारं एक फुकटचं अ‍ॅप फोनवर घेतलं. लेकीने दिलेलं झोप मोजणारं घड्याळ मनगटावर होतंच. पहिल्या रात्री अ‍ॅपने 'जोरदार घोरणं' दाखवलं. लावून ऐकलं तर खालचा गरबा! दुसऱ्या रात्री मात्र घोरणं जवळजवळ शून्य. मी सकाळी चहाबरोबर फोन यांच्यापुढे सरकवला. "मग रात्रभर घोरत होतं कोण, कपाट?" हे म्हणाले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, आलेख बारा बेचाळीसला संपतोय. कधी बारा पन्नास, कधी एक. त्यापुढे कोरं. मी झोपले की थोड्या वेळाने फोनही झोपत होता.

फोनवाल्या कंपनीच्या चॅटवर लिहिलं. फोन बंद करून चालू करा. केला. अपडेट करा. केलं. मग नवा माणूस आला आणि पुन्हा पहिल्यापासून, बंद करून चालू करा. तिसऱ्याने फॅक्टरी रीसेट सुचवलं. भाच्याच्या मुंजीचे फोटो आत होते म्हणून हात आवरला, नाहीतर केलंही असतं. मग अलकापुरीतलं सर्व्हिस सेंटर गाठलं. टोकन घेऊन दीड तास बसले. खिडकीतल्या मुलाने माझ्यासमोर अ‍ॅप लावलं, "हॅलो हॅलो" म्हणाला आणि तेच मला ऐकवलं. "जुओ बेन, चाले छे." मी म्हटलं, अरे बाबा, ते रात्री एकला बंद पडतं. तो अगदी शांतपणे, "रात्रे तो अमे बंध होइए." कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. तो कागद अजून जपून ठेवलाय, राग ताजा राहावा म्हणून.

शेवटी एका रात्री झोप येईना म्हणून सेटिंग चाळत बसले आणि सापडलं. बॅटरी वाचवायला फोन मागे चालू असलेलं अ‍ॅप परस्पर बंद करतो. सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात ते अ‍ॅप, त्यात बॅटरी. तिथे 'ऑप्टिमाइझ्ड' होतं, ते 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं. एवढंच! एक बटण, आणि माझे अकरा दिवस गेले. फोन चार्जरला लावून, पलंगाशेजारच्या स्टुलावर हातभर अंतरावर ठेवा. आणि यजमानांना त्या रात्री हॉलमध्ये पाठवा. घोरणं कोणाचं, हे माझ्या अ‍ॅपला काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळी रात्र मिळाली. तीन वीसचा तुकडा ऐकला. घोरणं चढत जातं, आणि एकदम काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत मोजलं, बावीस सेकंद. मग पाण्यातून डोकं वर काढावं तसा जोराचा श्वास. हे स्वयंपाकघरातून बाहेर आले, तेव्हा मात्र हसले नाहीत.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. मी जागी पडून छत बघत होते, ते अर्ध्या तासाचं निवांत पडणं त्याने झोप म्हणून धरलं होतं! तो बावीस सेकंदांचा तुकडा मात्र त्यांनी दोनदा ऐकला. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबला की तो मोजतात म्हणे. मग आठ प्रश्नांचा कागद दिला: वाचताना डुलकी लागते का, सिग्नलला गाडीत बसल्या बसल्या लागते का, असले. २४ पैकी माझे १३ आले. १० च्या वर गेलं की तपासतात. घरीच एक रात्र नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून चाचणी झाली. तासाला १९ वेळा श्वास अडला. १५ ते ३० म्हणजे मध्यम स्लीप अ‍ॅप्निया, झोपेत श्वास अडण्याचा आजार.

नखाला गडद नेलपेंट असेल तर ऑक्सिमीटर भलतंच दाखवू शकतो. माझं नवरात्रातलं होतं, आधी एका बोटाचं तरी पुसा. कोविडमध्ये आणलेला साधा ऑक्सिमीटर रात्रभर लावून उपयोग नाही, तो आकडे साठवत नाही.

आणि हो, रेकॉर्डिंग पाठवायचं तर तेवढाच तुकडा कापून पाठवा. मी लेकीला अख्खी रात्र पाठवली. झोप लागायच्या आधी जाऊबाईंबद्दल यांच्याशी बोलले होते, तिने पहिलं तेच ऐकलं.